बंद पडलेलं दीपगृह कसं वाचावं: आग्वादच्या जुन्या मनोऱ्यावरून

गोव्यातल्या आग्वाद किल्ल्याच्या वरच्या आवारात शिरलं की पांढरा, गोल, बुटका मनोरा समोर येतो. लोक त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढतात आणि समुद्र बघायला तटाकडे जातात. मनोऱ्याने १९७६ साली काम थांबवलं आणि शेजारच्या नव्या दीपगृहाने त्याची जागा घेतली. पण दिवा गेला म्हणून मनोरा मुका होत नाही. भिंतीची जाडी, खिडक्यांची तोंडं, वरची काच, जमिनीतलं एखादं भोक यांतून तो कुणासाठी, किती अंतरासाठी आणि कशाच्या जोरावर जळत होता हे कळतं. ते कसं काढायचं, त्याची ही पद्धत. उदाहरणं मुख्यतः आग्वादची आहेत, पण कोकणातल्या कुठल्याही जुन्या बत्तीला ती लागू पडते.

सामान थोडंच लागतं: तीस मीटरची कापडी टेप, पाच मीटरची पोलादी टेप, ओळंबा, शाळेचा कोनमापक, जाड सुती दोरा, विजेरी, दिशा बघायला होकायंत्र आणि पेन्सिल. पेन घेऊ नका, किनाऱ्यावरच्या दमट हवेत शाई पसरते. जून ते सप्टेंबर टाळा, ओल्या जांभ्यावर शेवाळ धरतं आणि पाय घसरतो. वेळ सकाळी आठ-नऊची किंवा दुपारी चारनंतरची निवडा. तिरप्या उन्हात गिलाव्याचे फुगवटे स्पष्ट दिसतात, ते बारा वाजता अजिबात दिसत नाहीत.

आग्वादचा वरचा किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या संरक्षणाखाली आहे. तिपाई लावून छायाचित्रण किंवा ड्रोन यांना आधी लेखी परवानगी हवी. जुन्या मनोऱ्याच्या आत सहसा सोडत नाहीत, त्यामुळे बरंचसं काम बाहेरून करायचं आहे हे गृहीत धरूनच जा.

आधी तारखांची झाडाझडती

मोजमापाला हात घालण्याआधी पाटीवरचं आणि आंतरजालावरचं लिखाण उलटतपासणीला घ्या. आग्वादबद्दल एक मजकूर सर्वत्र नकललेला आढळतो: दीपगृह १८६४ साली बांधलं, सुरुवातीला दर सात मिनिटांनी प्रकाश पडे आणि १८३४ साली ते अंतर तीस सेकंदांवर आणलं. बांधायच्या तीस वर्षं आधीच त्यात सुधारणा झाली! हे एकाच परिच्छेदात लिहिलेलं असतं आणि तसंच पुढे जातं. अशा वेळी दोन तारखांपैकी सोयीची एक उचलायची नसते. दोन वेगवेगळ्या दिव्यांच्या नोंदी एकमेकींत मिसळल्या आहेत का, हे बघायचं. किल्ला १६१२ साली पुरा झाला. मांडवी नदीच्या तोंडावरच्या किल्ल्यात मनोऱ्याच्या आधीही कसला तरी दिवा असणं स्वाभाविक आहे. पणजीच्या चर्चमधली मोठी घंटा मूळची जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठातली. तिथून ती आग्वादला आली आणि १८७१ साली पणजीला गेली. म्हणजे या टेकडीवरच्या वस्तू हललेल्या आहेत, नोंदीही हलल्या असणार.

‘सात मिनिटांनी एकदा’ हा आकडा तर कागदावरच तपासता येतो. शिडाचं जहाज तासाला सहा सागरी मैल जात असेल तर सात मिनिटांत ०.७ सागरी मैल, म्हणजे जवळजवळ १.३ किलोमीटर पुढे सरकतं. खाडीच्या तोंडाशी, वाळूच्या दांड्याजवळ, खलाशाने सव्वा किलोमीटर अंधारात चालवत पुढच्या झोताची वाट बघायची, हे त्याच्या कामाचं नाही. असा आकडा टिपून ठेवा, पण समोर प्रश्नचिन्ह काढा.

तिसरा दावा ‘आशियातलं सर्वांत जुनं’. तो सरळ सोडून द्या. मद्रासला उच्च न्यायालयाच्या आवारात डोरिक शैलीचा दगडी स्तंभ आजही उभा आहे. मद्रास इंजिनियर्सच्या जे. टी. स्मिथ यांनी आखलेलं ते दीपगृह १ जानेवारी १८४४ ला सुरू झालं, म्हणजे १८६४ च्या वीस वर्षं आधी. ‘आपल्या प्रकारातलं’ असा शब्द मध्ये घातला की कुठलाही विक्रम उभा राहतो. तो प्रकार कोणता, हे पाटी सांगत नसेल तर विक्रमही घेऊ नये.

उंची एक नव्हे, दोन

दीपगृहाला दोन उंच्या असतात. पहिली बांधकामाची: जमिनीपासून टोकापर्यंत. दुसरी दिव्याची: समुद्राच्या पाण्यापासून दिव्याच्या मध्यापर्यंत. खलाशाला फक्त दुसरीशी घेणं असतं आणि पर्यटनाच्या पाटीवर बहुधा पहिली असते. दोन्ही एकाच तक्त्यात मिसळल्यामुळे जितक्या चुका होतात, तितक्या दुसऱ्या कशाने होत नाहीत. नोंदवहीत पहिल्या पानावरच दोन वेगळे रकाने आखा.

आग्वादचा मनोरा चार मजली आणि साधारण १३ मीटर. हे स्वतः पडताळायचं असेल तर कोनमापकाच्या सरळ कडेला रिकाम्या पेनची नळी चिकटवा, मध्यबिंदूला दोरा बांधून त्याला एक मोठा नट लटकवा. नळीतून शेंडा बघा आणि दुसऱ्याला दोरा कुठल्या अंशावर आहे ते वाचायला सांगा. कडेला समांतर बघत असल्यामुळे ९० मधून तो आकडा वजा केला की चढाचा कोन मिळतो.

इथे बहुतेकजण एक चूक करतात. टेप भिंतीपर्यंतच जाते, पण मनोऱ्याचा शेंडा भिंतीवर नसतो, तो मध्यअक्षावर असतो. म्हणून टेपच्या मापात पायथ्याची त्रिज्या मिळवायला हवी. त्रिज्या काढायला पायथ्याभोवती टेप गुंडाळा: घेर १८.८५ मीटर आला तर व्यास ६, त्रिज्या ३. आता भिंतीपासून १७ मीटरवर उभे राहा, अक्षापासून अंतर झालं २०. कोन ३० अंश आला तर २० गुणिले ०.५७७, म्हणजे ११.५. डोळ्यांची उंची दीड मीटर मिळवा: १३. त्रिज्या विसरलात तर हाच मनोरा ११.३ मीटरचा भरतो. कोन वाचताना एका अंशाची चूक झाली तर साधारण अर्ध्या मीटरचा फरक पडतो, म्हणून तीन बाजूंनी तीनदा मोजून सरासरी घ्या. वाऱ्यात दोरा हलतो; नट पाण्याच्या पेल्यात बुडेल असा धरला की स्थिर होतो.

आत जाता येत असेल तर हा सगळा व्याप नको. जिन्याच्या मोकळ्या विहिरीतून टेप खाली सोडा. विहीर नसेल तर सलग दहा पायऱ्यांची मिळून उंची मोजा, दहाने भागा आणि पायऱ्यांच्या संख्येने गुणा. एकाच पायरीवरून अंदाज बांधू नका, जुन्या जिन्यात पहिली आणि शेवटची पायरी हमखास वेगळी असते.

दिव्याची उंची काढायला टेकडीची उंची लागते आणि इथे मोबाइल फसवतो. उपग्रहावरून मिळणारी कच्ची उंची ही पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजलेली असते, समुद्रसपाटीपासून नव्हे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर या दोहोंत साठ मीटरहून अधिक फरक आहे. त्यामुळे पाण्यात पाय घालून उभं राहिलं तरी काही ॲप उणे साठ-सत्तर मीटर दाखवतात. काही फोन ही दुरुस्ती आपोआप करतात, काही करत नाहीत. उपाय सोपा: टेकडीजवळच्या कांदोळी किनाऱ्याच्या वाळूवर लाटेच्या काठाशी एकदा वाचा, टेकडीवर एकदा वाचा आणि वजाबाकी करा. फोन कुठल्या पद्धतीने मोजतो याने मग फरक पडत नाही.

हवेचा दाब मोजणारा फोन असेल तर तो अधिक बारीक काम करतो. दहा मीटर चढलं की दाब सुमारे १.२ हेक्टोपास्कलने उतरतो. पण दोन वाचनांमध्ये वेळ जाऊ देऊ नका. आपल्या अक्षांशांत सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात दाब रोज आपोआप तीनेक हेक्टोपास्कल घसरतो, म्हणजे टेकडीला फुकट पंचवीस मीटर चिकटतात. खालचं वाचन नाश्त्याआधी आणि वरचं जेवणानंतर, असं करू नका. सगळ्यांत खात्रीचं म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाचा पन्नास हजारी (एकास पन्नास हजार प्रमाणाचा) नकाशा, वीस मीटरच्या समोच्च म्हणजे समान उंचीच्या रेषांसह.

खलाशांसाठी छापलेल्या दिव्यांच्या याद्यांत उंची सहसा उधाणाच्या भरतीच्या पातळीपासून धरतात. गोव्यात भरती-ओहोटीचा फरक दोनेक मीटर आहे, त्यामुळे फारसं बिघडत नाही. मुंबईत तो पाचच्या आसपास जातो, तिथे ओहोटीच्या वेळी घेतलेलं माप यादीशी जुळलं नाही तर गोंधळू नका.

किती लांबून दिसे आणि मनोरा बुटका का

दिव्याची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, जहाजावर उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीचं वर्गमूळ त्यात मिळवा आणि २.०८ ने गुणा. उत्तर सागरी मैलांत येतं. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.

समजा दिवा पाण्यापासून ८० मीटरवर आहे आणि खलाशी डेकवर ४ मीटरवर. ८० चं वर्गमूळ ८.९४, चारचं दोन. बेरीज १०.९४, गुणिले २.०८: २२.८ सागरी मैल, म्हणजे ४२ किलोमीटर. आता दिव्याच्या उंचीऐवजी पाटीवरची मनोऱ्याची उंची, १३ मीटर, घालून बघा. उत्तर ११.७ सागरी मैल येतं. एका चुकीच्या रकान्याने दीपगृहाचा अर्धा समुद्र गेला.

याच सूत्रात मनोऱ्याच्या बुटकेपणाचं उत्तर आहे. टेकडी ६७ मीटरची असली आणि वर मनोराच नसला, नुसता जमिनीवर दिवा ठेवला, तरी दिव्याच्या वाट्याचं अंतर १७ सागरी मैल भरतं. १३ मीटरचा मनोरा चढवला की ते १८.६ होतं. सगळ्या बांधकामाची कमाई दीड मैल. हाच १३ मीटरचा मनोरा समुद्रसपाटीवर उभा असता तर त्याने शून्यावरून साडेसात मैल कमावले असते. वर्गमूळ असल्यामुळे उंची वाढत जाते तसा प्रत्येक पुढच्या मीटरचा फायदा आटत जातो. म्हणून टेकडीवरचा मनोरा तटाच्या आणि झाडांच्या वर डोकावेल एवढाच असतो. मुंबईच्या तोंडावरचं प्राँग्ज बघा: थॉमस ऑर्मिस्टन यांनी १८७५ मध्ये बांधलेलं ते दीपगृह पाण्यातल्या खडकावर उभं आहे, त्याला टेकडी कुठली? तिथे चाळीसेक मीटर दगड रचावा लागला. दीपगृह बुटकं दिसलं की त्याला गरीब म्हणू नका, आधी पायाखालची जमीन बघा.

उंचीची एक किंमत मात्र मोजावी लागते, ती म्हणजे ढग. कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो बंदराच्या तोंडावर पॉइंट लोमाचं जुनं दीपगृह समुद्रापासून ४०० फुटांहून उंच कड्यावर १८५५ मध्ये पेटवलं. स्वच्छ रात्री ते फार लांबून दिसे, पण धुकं आणि खालचे ढग आले की नेमकी गरज असताना दिवा ढगात. १८९१ साली ते बंद करून खाली पाण्याजवळ दुसरं बांधलं. कोकणात टेकडीवरच्या दिव्याचं हेच दुखणं पावसाळ्यात असतं. जुन्या दीपगृहाच्या कागदांत ‘धूसर हवामान’ किंवा ‘ढगाने झाकला’ असे उल्लेख सापडले तर ते वेगळे काढून ठेवा, निवृत्तीचं कारण पुष्कळदा तिथेच असतं.

आणखी एक लक्षात असू द्या: वरचं सूत्र फक्त पृथ्वीच्या वक्रतेचं आहे. दिवाच मंद असेल तर तो तितक्या लांब पोचत नाही. खरा पल्ला म्हणजे या दोहोंतला कमी असेल तो.

कंदीलखोली: खालून आणि आतून

मनोऱ्याच्या डोक्यावरची काचेची खोली हा दीपगृहाचा मेंदू. बाहेरून दुर्बिणीने चार गोष्टी बघा. काचांच्या मधल्या पट्ट्या उभ्या आहेत की तिरप्या? उभी पट्टी त्या दिशेच्या जहाजाला दिवा झाकते, तिरपी कुणालाच पूर्ण झाकत नाही. तिरप्या पट्ट्या म्हणजे कुणीतरी जास्त विचार आणि जास्त पैसा घातला आहे. घुमटाच्या टोकावर गोळा आहे का? तो शोभेचा नसतो, आतल्या ज्योतीचा धूर आणि उष्णता तिथून बाहेर जाई. वातीचा किंवा रॉकेलचा दिवा होता याची ती खूण. जमिनीकडच्या बाजूला काचेऐवजी पत्रा किंवा काळा रंग आहे का? जमिनीवर प्रकाश सांडणं म्हणजे तेल वाया. झाकलेल्या भागाचे दोन्ही काठ होकायंत्राने मोजलेत की दिव्याचा कामाचा टापू किती अंशांचा होता हे मिळतं. आणि एखादी काच लाल आहे का? लाल काचेच्या दिशेने रेघ ओढा. पुढे नकाशात खडक किंवा वाळूचा दांडा सापडायला हवा. मांडवीच्या तोंडाशी तसा दांडा आहेच, पावसाळ्यात ते तोंड जहाजांना बंद होई आणि ती मुरगाव बंदराला जात.

होकायंत्र वापरताना लोखंडी कठड्यापासून दोन-तीन मीटर दूर उभे राहा. कठड्याला टेकून घेतलेलं वाचन दहा-पंधरा अंशांनी खोटं येऊ शकतं.

भिंग जागेवर असेल तर भाग्य. नसेल तर चेन्नईच्या मरीना दीपगृहाजवळच्या संग्रहालयासारख्या ठिकाणी तशी भिंगं बघून घ्या. फ्रेंच शास्त्रज्ञ ऑगस्टिन फ्रेनेल यांचं पहिलं भिंग फ्रान्समधल्या कॉर्दुआं दीपगृहात १८२३ साली बसलं, आणि तेव्हापासून भिंगांची प्रतवारी ज्योत ते काच या अंतरावर ठरते. आतला व्यास मोजून निम्मा करा. ९२० मिलिमीटर आलं तर पहिला दर्जा, ७०० दुसरा, ५०० तिसरा, २५० चौथा, १८७.५ पाचवा, १५० सहावा. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये ३७५ चा एक ‘साडेतिसरा’ही आहे. पहिला दर्जा खोल समुद्राकडे तोंड करून बसलेल्या दीपगृहांना, चौथ्यापासून पुढचे बंदर आणि खाडीच्या तोंडांना. बंदराच्या दिव्यात पहिल्या दर्जाचं भिंग सापडलं तर ते दुसरीकडून आणलेलं असण्याची शक्यता आधी तपासा. खालच्या चौकटीवर पितळी पट्टी शोधा; बर्मिंगहॅमजवळच्या चान्स ब्रदर्सची किंवा पॅरिसच्या बार्बिए, बेनार ए तुरेन यांची असू शकते. काचेला हिरवट झाक असली तर घाबरू नका, ती वाळूतल्या लोखंडाची.

भिंगाच्या मधोमध बैलाच्या डोळ्यासारखे गोल किती, ते मोजा. एकही नसेल आणि भोवती सलग पट्टा असेल तर दिवा स्थिर होता. गोल असतील तर भिंग फिरत होतं: चार गोल, एक फेरी चाळीस सेकंदांत, म्हणजे दर दहा सेकंदांनी झोत. दोन गोल चिकटून आणि मग मोठी फट असेल तर झोत जोडीने पडत. दीपगृहाची ओळख म्हणजे हीच लय. खलाशी सेकंद मोजत आणि यादीत बघत.

फिरवायला वीज नव्हती तेव्हा घड्याळासारखं चक्र आणि लोंबतं वजन असे. जमिनीत गोल भोक, छताला कप्पी, किंवा जिन्याच्या मधोमध उभी नळी दिसली तर तो वजनाचा मार्ग. मनोरा जितका बुटका तितकं वजन लवकर तळाला पोचतं, आणि रखवालदाराला रात्रीत तितक्या जास्त वेळा चावी द्यावी लागते. तेरा मीटरच्या मनोऱ्यात रात्रपाळी म्हणजे काय असेल, हे त्या भोकातून खाली बघितलं की कळतं.

आता दोन धोके. भिंगाखाली बिडाची गोल परात असेल तर त्यात पारा असू शकतो. १८९० नंतर टनांवारी वजनाची भिंगं पाऱ्यावर तरंगवून फिरवत, बोटाने ढकलली तरी हलत. परातीच्या कडेला किंवा लादीच्या सांध्यात रुपेरी थेंब दिसले तर झाडू नका, फुंकू नका, हात लावू नका. झाडल्याने थेंब बारीक होऊन वाफ वाढते. दार उघडं टाकून बाहेर या आणि आवाराच्या कार्यालयाला कळवा. दुसरा धोका भिंगाचाच: दिवसा ऊन आत आलं की ते उलट दिशेने एका बिंदूवर गोळा होतं आणि आग लागते. म्हणूनच दिवसा कंदीलखोलीला पडदे लावायची शिस्त होती. छताजवळ पडद्याच्या कड्या सापडतील. काच पुसायची हौस आवरा, लोलक बसवलेली जुनी लांबी (काच चिकटवायचा लगदा) शिशाची असते आणि ठिसूळ झालेली असते.

इंधनाची साखळी थोडक्यात: खोबरेल किंवा दुसरं तेल आणि वात, मग रॉकेलची वात, १९०१ नंतर दाबाखाली रॉकेलची वाफ आणि जाळी (मेंटल), काही ठिकाणी ॲसिटिलीन, शेवटी वीज. स्वीडिश संशोधक गुस्ताफ डालेन यांनी सूर्य उगवला की गॅस आपोआप बंद करणारी झडप शोधली, १९१२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं, आणि रखवालदाराच्या नोकरीला तिथूनच उतरती कळा लागली. इमारतीत तेलाच्या काळाची खूण म्हणजे मनोऱ्यापासून सुटी, जाड भिंतीची, बिनखिडकीची तेलकोठी.

भिंत काय सांगते

खिडकीच्या कोनाड्यात हात घालून भिंतीची जाडी प्रत्येक मजल्यावर मोजा. वर जाताना ती घटत गेली पाहिजे. एका मजल्यावर अचानक पातळ झाली तर तिथून वरचं बांधकाम नंतरचं असू शकतं. गॅलरीतून ओळंबा सोडला की भिंतीचा आतला कल मिळतो.

गोव्यातल्या आणि कोकणातल्या जुन्या बांधकामात दगड जांभा आणि सांध्यात चुना. जांभा सच्छिद्र आहे, पाणी पितो आणि चुन्यातून बाहेर टाकतो. नंतर कुणीतरी सिमेंटचा गिलावा चढवला की पाणी आत कोंडतं, मीठ गिलाव्यामागे खड्यांसारखं जमतं आणि गिलावा दगडाची साल घेऊन सुटतो. बोटाच्या पेराने ठोकून बघा: भद्द आवाज म्हणजे चिकटलेला, पोकळ म्हणजे सुटलेला. चुना की सिमेंट हे ओळखायला व्हिनेगरचा थेंब टाकण्याचा सल्ला बरेच देतात; तो कुचकामी, जुनं सिमेंटही फसफसतं. शिवाय संरक्षित वास्तूवर काहीही ओतू किंवा ओरखडू नये. खाली पडलेला तुकडा उचला आणि नखाने खरवडा: चुना भुगा होतो, सिमेंट नखालाच हरवतं.

सांध्यात पिंपळाचं रोप दिसलं तर उपटू नका. मूळ दगडांमधून घुसलेलं असतं, ओढलं की दगड हलतो. फोटो काढून, मजला आणि दिशा लिहून खात्याला कळवणं एवढंच आपलं काम. गॅलरीच्या लोखंडी कंसांभोवती दगड फुटलेला असेल तर कारण गंज; गंजलेलं लोखंड मूळच्या कितीतरी पट जागा मागतं. आणि कंदीलाची चौकट पितळी-काशाची पण बोल्ट लोखंडी असले तर खाऱ्या हवेत बोल्टच आधी जातात. चौकट शाबूत आणि बोल्ट भुसभुशीत, हे दृश्य फार सामान्य आहे. त्या कठड्याला टेकून उभे राहू नका.

बंद का पडलं आणि कागद कुठे

दीपगृह बंद होण्याला एक कारण क्वचितच असतं. मद्रासची साखळी समजायला सोपी आहे. १८४४ चा स्तंभ ५० वर्षं चालला. १८९२ मध्ये शेजारी उच्च न्यायालयाची इमारत उभी राहिली आणि १८९४ मध्ये दिवा तिच्या घुमटावर गेला. १९७७ साली तो मरीनावरच्या नव्या मनोऱ्यात आला. दर वेळी जुना मनोरा पडला म्हणून नव्हे, दुसरीकडे अधिक उंच किंवा अधिक सोयीची जागा मिळाली म्हणून. तुमच्या मनोऱ्यासमोर उभे राहा आणि विचारा: समुद्राच्या दिशेने काय उगवलं? मागे शहराचे दिवे किती आले, कारण मंद दिवा झगमगाटात हरवतो? जहाजांचा मार्ग सरकला का? आग्वादला उत्तर शेजारीच उभं आहे: नवं दीपगृह त्याच टेकडीवर आहे. म्हणजे जागा चुकलेली नव्हती, फक्त मनोरा आणि यंत्र जुनं झालं होतं.

कागद शोधताना दिवा कुणाच्या ताब्यात होता हे आधी ठरवा. मोठ्या मार्गावरचे दिवे केंद्राच्या दीपगृह खात्याकडे; १९२७ चा दीपगृह कायदा आणि त्याच्या जागी २०२१ मध्ये आलेला सागरी नौकानयन साहाय्य कायदा त्यांना लागू. छोट्या बंदरांच्या स्थानिक बत्त्या महाराष्ट्रात सागरी मंडळाकडे. मुंबई इलाख्यातल्या जुन्या दिव्यांसाठी जिल्हा गॅझेटियरमधलं बंदरांचं प्रकरण उघडा. गोव्याचं वेगळं: १९६१ पर्यंत सगळा कारभार पोर्तुगीजमध्ये, त्यामुळे इंग्रजी शब्दाने शोधलं तर काही हाती लागत नाही. ‘फारोल’ हा शब्द वापरा आणि पणजीच्या पुराभिलेखात, पुढे लिस्बनच्या समुद्रपार ऐतिहासिक अभिलेखागारात विचारा.

जुन्या सागरी नकाशावर दिव्याच्या खुणेशेजारी बारीक ओळ असते: झोतांची संख्या, सेकंद, मग उंची, मग पल्ला. यातला लहान ‘एम’ म्हणजे मीटर आणि मोठा ‘एम’ म्हणजे सागरी मैल. आणखी जुन्या नकाशात उंची फुटांत. नकाशाच्या कोपऱ्यातलं दुरुस्तीचं वर्षही टिपा, छपाईचं पुरेसं नाही. दिव्यांच्या नोंदी नंतर हाताने बदललेल्या असतात.

दोन नकाशांत उंचीचा आकडा वेगळा आला तर मीटर-फूट तपासा, मग मनोरा की दिवा ते तपासा, मग भरतीची पातळी. तिन्ही करूनही फरक उरला तर मात्र मनोरा बदलला असू शकतो, आणि तेव्हा पुन्हा त्या खिडकीच्या कोनाड्याकडे जाऊन भिंतीची जाडी बघायची.